बिरूअण्णांची नत्थी

परवा आमच्या कॉलेजच्या ऑफिसात नवी लागलेली मुलगी आहे, तिला मी म्हटलं, "एवढा अर्ज त्या फाईलला नत्थी कर गं." तिनं माझ्याकडं बघितलं, अर्जाकडं बघितलं, आणि हळूच टेबलाखाली फोन धरून शब्द शोधायला लागली. शेवटी म्हणाली, "मॅडम, स्टेपल करू ना?" आणि माझं उत्तर यायच्या आत दोन पिना ठोकून मोकळी. मी त्या पिना नखानं उचकटून काढल्या. नख तुटलं ते तुटलंच. मग ड्रॉवरमधून दाभण काढलं, तेव्हा ती खुदकन हसली. "मॅडम, पोतं शिवायलाव का काय?"

"पोतंच शिवायचंय. बस इथं, तुला एका माणसाचं सांगते."

तिला सांगितलं ते अर्धंमुर्धं. मध्ये विद्यार्थी आले, प्राचार्यांची बेल वाजली. पुरतं इथं लिहिते.

नत्थी म्हणजे काही गूढ विद्या नाही. कागदाला भोक पाडायचं, त्यातून दोरी ओवायची आणि तो कागद बाकीच्या कागदांबरोबर बांधून टाकायचा. वीतभर दोरी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या बारीक टोप्या. दुकानात तिला टॅग म्हणतात. आमच्या भागात निजामाच्या काळी कचेऱ्या उर्दूत चालायच्या, त्यामुळं जुन्या माणसांच्या तोंडी नत्थी हाच शब्द. बिरूअण्णा तर दोरीलाही नत्थी म्हणायचे, बांधण्यालाही नत्थी म्हणायचे आणि बांधून झालेल्या गठ्ठ्यालाही नत्थीच म्हणायचे. आणि एवढ्यावर थांबतील तर ते बिरूअण्णा कसले!

कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सरहद्दीलगत, आळंदहून खजुरीकडं जाताना अलीकडं एक गाव लागतं, तिथल्या शाळेत मी क्लार्क म्हणून लागले. पहिली ते दहावी, मराठी माध्यम. बिरूअण्णा तिथं हेडक्लार्क. उंच, जरा वाकलेले, कानांवर केस, खांद्यावर टॉवेल आणि खिशात एका टोकाला लाल, एका टोकाला निळी अशी पेन्सिल. घरात चार पिढ्या मेंढरं. वडील उन्हाळ्यात कळप घेऊन भीमेच्या काठी जायचे ते पहिल्या पावसाला परतायचे. त्या घरातून शिकून टेबलापर्यंत पोचलेले हे पहिलेच, पण चाल अजून मेंढरामागची. ऑफिसातल्या दोन कपाटांमधून जायचं तरी लांब लांब ढांगा टाकत जायचे.

पहिल्या दिवशी मी एका मुलीच्या अर्जाला तिचा दाखला टाचणी लावून जोडला. अण्णांनी तो उचलला आणि सगळ्या ऑफिसाला दिसेल असा वर धरला.

"ही कुनी टोचली?"

"मी," म्हटलं.

"सुमनक्का, टाचनी म्हंजे पाव्हनी. आली, दोन दिस ऱ्हायली, गेली. नत्थी म्हंजे घरची सून. उंबरा वलांडून आली की मग कुठं जायलीय?"

मी नवीन होते, पण तोंडाला कुलूप लावून आलेली नव्हते. म्हटलं, "आजकाल सुनापण जातात अण्णा, माहेरी."

"जातेत की! पन पान नंबर टाकलेला असला की बरोबर जाग्यावर परत येतेत." असं म्हणून त्यांनी माझी टाचणी काढून डबीत टाकली आणि दाभण माझ्या हातात दिलं. हो, दाभणच. पोती शिवायचं. कागदाला भोकं पाडायचं मशीन ऑफिसात होतं, पण अण्णा त्याला हात लावत नसत. मशीन दोन भोकं पाडतं, अण्णांना एकच लागे, डाव्या कडेपासून तीन बोटांवर. त्यातून दोरी ओवायची आणि मागं जी गाठ मारायची ती त्यांच्या घरची. कोकरांना रात्री एका लांब दोरीवर ओळीनं बांधतात, त्या गाठीला कोकरू कितीही ओढू दे, गाठ आवळतच जाते, आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं एक टोक धरून ओढलं की क्षणात सुटते. ती गाठ शिकायला मला पंधरा दिवस लागले. अण्णा रोज म्हणायचे, "तुजं कोकरू पळालं बग."

मग वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं पान नंबर. मग पहिल्या पानावर यादी. आणि सगळ्यात शेवटी त्यांचा तो प्रकार, ज्याला बघून नवीन शिक्षक तोंडात रुमाल कोंबायचे. अण्णा उभे राहायचे, फाईल दोन्ही हातांत उलटी धरायचे, टेबलावर एकदा जोरात झटकायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "काय पडलं?"

ऑफिसात जो कुणी असेल त्यानं उत्तर द्यायचं, "काय न्हाई." तसा नियमच होता. उत्तर आलं नाही तर फाईल कपाटात जायची नाही. एकदा मी मुद्दाम गप्प बसले. अण्णांनी झटकली, विचारलं. मी गप्प. पुन्हा झटकली, पुन्हा विचारलं. मी आपली रजिस्टरमध्ये डोकं घालून. तिसऱ्यांदा झटकली तेव्हा हेडसर आतल्या खोलीतून ओरडले, "अहो सुमनबाई, काय न्हाई पडलं म्हणा एकदाचं, मला फोनवर काही ऐकू येईना!"

हे नत्थीचं खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं ते त्यांच्या आधीच्या क्लार्कनं, करीमसाबनं. म्हातारा उर्दूत शिकलेला. तो म्हणायचा म्हणे, "कागज उड जाता मियाँ, मिसल नै उडती." मिसल म्हणजे फाईल. अण्णा हे वाक्य करीमसाबच्या आवाजात, मान हलवत म्हणून दाखवायचे आणि मग आम्हाला विचारायचे, "कळलं का?" कळलं म्हटलं तरी पुन्हा म्हणून दाखवायचे.

आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला ते हीच मापं लावायचे. वर्षाच्या बोलीवर घेतलेले शिक्षक आले की, "गुरुजी, तुमी सध्या टाचनीवर हाव, जपून ऱ्हावा." एसटीच्या मागच्या शिडीला लटकून जाणारा दिसला की, "ते बग, टाचनीवर चाललंय." एका शिक्षकाची नवी बायको महिन्याभरात रुसून लातूरला गेली, तर सगळे त्याला धीर देत होते आणि अण्णा म्हणाले, "कामून रडायलास? लग्नात गाठ मारतेत म्हंजे काय, नत्थीच की. यादी केली न्हाईस तू. तिला काय लागतंय, काय न्हाई, लिहून काढ आन जा." तो गेला, आणि बायको आली सुद्धा. यादीत काय लिहिलं होतं ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही.

एकदा तपासणीला एक साहेब आले. कडक माणूस, बोलायचं ते कन्नडमध्येच. त्यांना कुणीतरी कानात सांगितलं असणार की इथला क्लार्क फार मिजास करतो. त्यांनी खुर्चीत बसता बसता अकरा वर्षांपूर्वीच्या एका बदलीच्या पत्राची प्रत मागितली. चहा ठेवला होता. चहाला साय धरायच्या आत अण्णांनी फाईल समोर ठेवली, पान काढून ठेवलं. साहेबांनी पत्र बघितलं, फाईल मागून पुढून बघितली, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, ती उलटी धरून झटकली. अण्णा हात बांधून उभे. अदबीनं विचारलं, "येनु बित्तु सायब्रे?" काय पडलं साहेब?

साहेब हसले. "येनू इल्ला," काही नाही, म्हणाले, आणि गार झालेला चहा प्यायले.

असा सगळा तोरा. पण एका ठिकाणी हा तोरा गळून जायचा, आणि ते ठिकाण म्हणजे शाळेचं स्वयंपाकघर.

शाळेत दुपारचं जेवण असतं. ते करायची शांताक्का. चाळिशीकडं झुकलेली, हाडापेरानं मजबूत, जिभेनं त्याहून मजबूत. भाताचं पातेलं एकटी उतरवायची आणि हेडसरांना पण "सर, हात धुतलाव का?" म्हणून विचारायची. अण्णा रोज तिथं जेवायला जायचे. सगळी पोरं उठली की शेवटी, कोपऱ्यात बसून, मान खाली घालून. ती वाढेल तेवढंच खायचे, दुसऱ्यांदा मागायचे नाहीत, आणि ताट स्वतः घासून पालथं घालून यायचे. मी विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही सगळ्यांच्या आधी का नाही बसत?" तर म्हणाले, "माजा नंबर शेवटचा हाय." आणि विषय बदलला. दुसरं म्हणजे शांताक्काची मुलगी रेणुका आमच्याच शाळेत होती, तिच्या कागदांना अण्णा मला हात लावू देत नसत. तिची फाईल ते दोनदा झटकायचे.

कारण कळलं ते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. हार झाले, भाषणं झाली, नारळ झाला. सगळे गेल्यावर ते आपल्या खुर्चीत बसले आणि चप्पल काढून डावा तळपाय मला दाखवला. टाचेजवळ एक जुना काळा ठिपका होता.

"सुमनक्का, नवीन लागलो हुतो. ह्याच टेबलावर. सातवी पास एक पोरगी हुती, पैला नंबर. गुलबर्ग्याला पोरींच्या हॉस्टेलात तिची जागा लागनार हुती. फुकट ऱ्हानं, फुकट शिकनं. तिचा अर्ज आन त्येला लागनारे चार कागद म्या टाचनीनं टोचून ठिवले. त्या दिशी मला बाभळीचा काटा मोडला. हाताशी काय न्हवतं, त्याच अर्जाची टाचनी काढली, काटा काढला. टाचनी परत लावायची ऱ्हायली."

"मग?"

"अर्ज गेला तसाच. एक कागद कपाटामागं पडला. अर्ज अर्धा म्हनून परत आला, तवर जागा भरली. कागद घावला पंधरा दिसांनी, झाडताना. घिऊन तिच्या घरी गेलो. तिचा बाप म्हनाला, ऱ्हाऊ द्या मास्तर, सोयरीक आलीय. पंधराव्या वर्षी लगीन झालं तिचं."

मी विचारलं, "कुठं असते आता ती?"

अण्णांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. तिकडून शांताक्काचा आवाज येत होता, कुणाला तरी मीठ जास्त घातल्याबद्दल झापत होती.

"तिला सांगितलंत कधी?"

"न्हाई. बापाला सांगितलं हुतं. तो मेला. तिला सांगायला तोंड कुठलं आनू?" मग बराच वेळ चप्पल पायात घालत बसले. जाताना दाभण माझ्यापाशी ठेवून गेले.

आता माझ्या पापाचं सांगते, कारण इथून पुढचं घडलं ते माझ्यामुळं.

अण्णा निवृत्त झाल्यानंतर दोनेक वर्षांनी वरून आदेश आला की जुनी सगळी दप्तरं कॉम्प्युटरात घालायची. त्यासाठी मशीनं घेऊन माणसं आली. मशीनला सुटे कागद लागतात. त्यांनी कात्र्या काढल्या आणि अण्णांच्या गाठी कचाकच कापल्या. मी बघत होते. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण मी म्हटलं नाही की थांबा. जे कागद मशीनमध्ये जाईनात, जाड, वेड्यावाकड्या मापाचे, चुरगळलेले, ते त्यांनी दोन गोण्यांत टाकले आणि म्हणाले, ही रद्दी. दोन्ही गोण्या मी शांताक्काला दिल्या. गॅस वेळेवर यायचा नाही, मग ती मागच्या अंगणात चूल पेटवायची. म्हटलं, "घे, पेटवायला होतील."

त्या वर्षी रेणुकाची सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली. तिनं दहावी आमच्याकडं केली आणि पुढचं शिक्षण, नर्सिंगसकट, महाराष्ट्रात उमरग्याला मामाकडं राहून. जागा होती आमच्या या भागातल्या लोकांसाठी राखीव. कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, कागद तपासणारा म्हणाला, तुम्ही महाराष्ट्रातल्या, ही जागा तुम्हाला नाही. ही आमची सरहद्दीची तऱ्हाच आहे. उमरग्यात आम्हाला कर्नाटकवाले म्हणतात आणि कलबुर्गीत महाराष्ट्रवाले. पोरगी रडकुंडीला आली तेव्हा त्यानं सांगितलं, पहिलीपासून इकडं शिकल्याचा शाळेचा दाखला आणा, आणि त्याला आधार म्हणून मूळ कागदाची प्रत आणा. सोमवारपर्यंत.

दाखला द्यायला मी तयारच बसले होते. पण पहिलीचं रजिस्टर काढलं तर त्या वर्षीची पानं गळक्या छपरानं एकमेकांना चिकटून लगदा झालेली. मग राहिला पहिलीचा प्रवेश अर्ज. कॉम्प्युटरात बघितलं, नाही. सुट्या गठ्ठ्यांत बघितलं, नाही. हेडसर नवीन होते, त्यांनी हात वर केले. म्हणाले, "कागद दाखवा, डोळे मिटून सही करतो. कागद नाही तर मी कशावर करू?" त्यांचं तरी काय चुकलं?

शुक्रवारी मी अण्णांना फोन लावला. म्हटलं, "अण्णा, रेणुकाचा पहिलीचा अर्ज कुठल्या फाईलीत असेल?"

"अर्ज न्हवताच तो," अण्णा म्हणाले. "त्या दिशी छापील फारम संपलं हुतं. म्या भितीवरच्या क्यालेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, मागच्या बाजूला माज्या हातानं लिवलं, शांतीनं, तिच्या आईनं, सही केली. हेडसर बोंबलले, हे काय फारम हाय का? म्या म्हनलं, फारम नसंल पन कागद हाय. नत्थी केला. पान नंबर एकोनीस."

कॅलेंडरचं पान. जाड, लांबलचक. मशीनमध्ये न जाणारं.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा शांताक्का तांदूळ निवडत होती. मी गोण्यांचं विचारलं. तिनं का म्हणून विचारलं, मी सांगितलं. तिच्या हातातलं सूप खाली आलं.

"एक गोनी तर संपली म्याडम," ती म्हणाली. "दुसरीतलं म्या काल बी पेटीवलं. माय गे! माज्याच हातानं?"

शनिवारी सकाळी पहिल्या गाडीनं अण्णा आले. दोन वर्षांत पार वाळले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, चालताना भिंतीला हात लावत होते. मी वाटेतच रडत सगळं सांगितलं, कात्र्यांचं, गोण्यांचं. मला वाटलं शिव्या खाणार. अण्णा म्हणाले, "मशीनला काय ठाव गाठ. चल, गोनी कुठाय?"

मागच्या अंगणात चुलीशेजारी अर्धी गोणी होती. आम्ही ती गोणपाटावर ओतली. शांताक्का एका बाजूला बसली, मी एका, आणि अण्णा पालथ्या पातेल्यावर. त्यांना आता वाचता येत नव्हतं. ते प्रत्येक कागद हातात घेऊन डाव्या कडेला बोट फिरवायचे. "हे मशीनचं भोक हाय, माजं न्हवं. हे बी न्हवं. हे माजं, बघ कुनाचंय." लग्नपत्रिकेच्या पाठीवरचे रजेचे अर्ज निघाले, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली एका आजोबाची विनंती निघाली. सगळ्यांवर लाल पान नंबर. एकेकाळी मी याच कागदांवरून अण्णांची टिंगल करायचे. कॅलेंडरचं पान काही निघेना. गोणपाटावरचा ढीग कमी होत होता आणि शांताक्का दर दोन मिनिटांनी चुलीतल्या राखेकडं बघत होती.

तसंच कागद चाचपत अण्णा म्हणाले, "शांते, एक सांगायचं ऱ्हायलंय तुला."

शांताक्कानं मान वर केली नाही. "टाचनीचंच ना?"

अण्णांचा हात जागच्या जागी थांबला.

"मला ठाव हाय अण्णा," ती म्हणाली. "बापानं सांगितलं हुतं, लग्नाच्या आदल्या दिशी. काट्याचं बी सांगितलं."

"मग इतकी वर्सं बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलू? लई राग हुता. हितं कामाला लागले तवा ठरवलं हुतं, एक दिस ह्या मानसाच्या ताटात मीठ टाकीन मूठभर. मग तुमी रोज यायलाव, शेवटी बसायलाव, मान खाली घालून खायलाव, ताट घासायलाव. म्हनलं, जेवू दे." तिनं एक कागद बाजूला टाकला. "पन माफ केलं असं समजू नकाव. माजं गेलं ते गेलं. हिचा कागद घावू दे, मग बोलू."

"व्हय," अण्णा म्हणाले. एवढंच. आणि पुन्हा बोटं चालायला लागली. मी कागदात तोंड खुपसून बसले होते, कारण मला दोघांकडंही बघवत नव्हतं.

ढिगात आता पाच-पन्नास कागद उरले असतील. अण्णांनी एक दुमडलेलं पान हातात घेतलं, उलगडलं, अंगठ्यानं घासलं. गुळगुळीत होतं. डाव्या कडेपासून तीन बोटं मोजली. भोकावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून पान शांताक्कापुढं धरलं. "वाच बरं. मला दिसंना."

एका बाजूला महिन्याचे चौकोन आणि कोपरा जरासा करपलेला. शांताक्कानं पान उलटवलं. मागं अण्णांचं मोठं गोल अक्षर आणि वर लाल पेन्सिलीनं एकोणीस. ती मोठ्यानं वाचायला लागली. "अर्ज करते की माझी मुलगी रेणुका हिला आपल्या शाळेत इयत्ता पहिलीत..." पुढं तिला वाचवेना. खाली तिची स्वतःची सही होती, सातवीत पहिला नंबर आलेल्या मुलीची, शाळेतल्यासारखी नीट, रेघेवर. माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. हेडसर धावत आले, त्यांना वाटलं कुणी भाजलं.

हेडसरांनी डोळे उघडे ठेवून सही केली. दाखला सोमवारी गेला, आणि रेणुका आज सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पण ते सगळं नंतरचं. मी त्यानंतर इथं आळंदच्या कॉलेजात आले, अण्णा मुलाकडं सोलापूरला गेले, पुन्हा भेट झाली नाही. त्यामुळं मला अण्णा आठवतात ते त्या शनिवारच्या दुपारचेच.

मी नवी फाईल आणली, दोरी आणली, दाभण आणलं. रेणुकाचे सगळे कागद एकावर एक लावले. अण्णांनी हात पुढं केला. मग मागं घेतला आणि म्हणाले, "शांते, तूच बांद."

शांताक्कानं दाभण घेतलं. ज्या हातांनी भाताचं पातेलं उतरवते त्याच हातांनी तिनं दोरी ओवली. अण्णा बोटानं चाचपत सांगत होते, "हे टोक वरून घे, आता खालून, आता वढ." गाठ पहिल्याच खेपेला बसली. मला पंधरा दिवस लागले होते.

मग ती उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं फाईल दोन्ही हातांत उलटी धरली आणि चुलीपुढच्या फरशीवर जोरात झटकली.

अण्णा पातेल्यावर बसलेले. त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय पडलं?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं, पण शांताक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. तिनं पुन्हा झटकली. अण्णांनी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज जरा बारीक होता. "काय पडलं, शांते?"

तिनं फाईल छातीशी धरली.

"काय न्हाई पडलं, अण्णा," ती म्हणाली. "समदं हाय." फाईल माझ्या हातात दिली, पदरानं तोंड पुसलं आणि आत जाऊन ताट घेऊन आली. बाहेर पोरं अजून हात धूत होती. तिनं अण्णांच्या हाताला धरून त्यांना पहिल्या पंगतीत, अगदी पहिल्या जागेवर बसवलं आणि वाढायला घेतलं.